प्रति: पोलिश स्त्रिया युद्धात फक्त शुश्रूषेला होत्या?

वर एकांनी म्हटलंय की पोलंडच्या स्त्रिया दुसऱ्या महायुद्धात जखमींच्या शुश्रूषेपुरत्याच होत्या. हे मला अजिबात पटत नाही. शुश्रूषाही गोळीबारातच चालायची, हा मुद्दा आहेच. पण जर्मनांविरुद्धच्या १९४४च्या वॉर्सा उठावात निरोप पोचवणाऱ्या मुली गृहसेनेच्या, म्हणजे पोलंडच्या भूमिगत सैन्याच्या, शपथबद्ध सैनिक होत्या. रस्ते जर्मनांनी अडवले तेव्हा त्या गटारांतून ये-जा करत. अंधार, घाण पाणी, काही ठिकाणी अक्षरशः रांगत जायचं, आणि डोक्यावरच्या झाकणापाशी जर्मन असतील म्हणून तोंडातून शब्दही काढायचा नाही. त्याच वाटेने त्यांनी माणसांनाही बाहेर काढलं.

एल्झबिएता झावात्स्का यांच्याविषयी जरूर वाचा. गणिताच्या शिक्षिका. गृहसेनेच्या दूत म्हणून त्या ब्रिटनला पोचल्या आणि सप्टेंबर १९४३मध्ये पॅराशूटने पुन्हा व्याप्त पोलंडमध्ये उतरल्या. ब्रिटनहून असे पॅराशूटने पोलंडमध्ये उतरवल्या जाणाऱ्या खास पथकातल्या त्या एकमेव स्त्री. स्त्री-सैनिकांना रीतसर सैनिकाचा दर्जा मिळावा हा आग्रह त्यांनी लंडनमध्ये धरला होता. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीने त्यांनाच तुरुंगात टाकलं, याचा मला फार संताप येतो.

उठावाच्या शरणागती करारात स्त्रियांनाही युद्धकैदी मानलं गेलं. जर्मनीतल्या ओबरलांगेनच्या छावणीत अशा सुमारे १,७०० जणी होत्या. एप्रिल १९४५मध्ये त्यांची सुटका केली ती जनरल माचेक यांच्या पोलिश चिलखती डिव्हिजनने, म्हणजे त्यांच्याच देशाच्या सैनिकांनी.