ग्रास व्हॅलीची सोन्याची खाण: अहवाल ठीक, तरी परवानगी नाही. हे कसं?

खडकमापे (धागाकर्ता)
कॅलिफोर्नियात नेवाडा कौंटी आहे (नेवाडा राज्य वेगळं, दरवेळी कुणीतरी गोंधळतंच). तिथल्या ग्रास व्हॅलीतली आयडाहो-मेरिलँड खाण 1956 मध्ये बंद पडली आणि पाण्याने भरली. राइज गोल्ड कंपनीने 2017 मध्ये ती विकत घेतली आणि 2019 मध्ये पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. कौंटीने पर्यावरण अहवाल करून घेतला. 2022 च्या जानेवारीत मसुदा आला, वर्षअखेर अंतिम प्रत. काहीही केलं तरी न टळणारे परिणाम त्यात तीनच निघाले: परिसराचं दृश्य बिघडणं, बांधकामाचा आवाज आणि रहदारी. पाणी त्यात नाही. तरीही फेब्रुवारी 2024 मध्ये पर्यवेक्षक मंडळाने (कौंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ) 5-0 ने अर्ज फेटाळला.

मग एवढी वर्षं भूजलाची गणितं मांडली कशाला? सरळ गावाचं मत घेऊन मोकळं व्हायचं. आणि सोनं घ्यायचं कुणी थांबलेलं नाही. लग्नसराईत पेढीवर उभं राहून बघा. पेरूच्या जंगलात नदीकाठी पारा ओतून काढलेलं सोनं आपल्याला चालतं, पण जिथे कायदे कडक आहेत, जिथे खाणीच्या जागेवर पारा किंवा सायनाइड वापरायचंच नाही असा प्रस्ताव आहे, तिथे मात्र नको. मला हा दुटप्पीपणा वाटतो.

कुंदा_फोल्सम
मी तिथून तासाभरावर राहते, म्हणून लिहिते. तुम्ही "पाणी त्यात नाही" असं एका ओळीत उरकलंत. सगळं भांडण पाण्याचंच होतं हो.

या खाणीत 70 मैलांहून जास्त बोगदे आहेत आणि सगळे बुडालेले. खाण कोरडी करायची तर आधी सहा महिने दिवसाला सुमारे 36 लाख गॅलन, म्हणजे 1 कोटी 36 लाख लिटर पाणी उपसून, शुद्ध करून वुल्फ क्रीकच्या दक्षिण फाट्यात सोडायचं. पुढे खाण चालेल तोवर पंप चालूच. कंपनीने मागितलेली मुदत 80 वर्षं. कंपनीचा खनिजहक्क सुमारे अडीच हजार एकरांवर, आणि त्याच जमिनीवर लोकांची घरं. घर तुमचं, खालचं सोनं कंपनीचं, आणि मधलं पाणी ज्याच्या नशिबी असेल त्याचं. तिथली कितीतरी कुटुंबं खाजगी विहिरीवर जगतात.

अहवालाचा उपाय काय? ईस्ट बेनेट रोडवरच्या 30 घरांना नळजोडणी. एकतिसाव्याने काय करायचं? विहिरींच्या पातळ्यांची आधीची मोजणीच पुरेशी नाही, हा तर विरोधकांचा मुख्य आक्षेप होता.

खडकमापे
एकतिसाव्या घराची भीती ही भीती झाली, पुरावा नव्हे. आणि आता सॅन हुआन रिज येणार, माहीत आहे मला.

कुंदा_फोल्सम
येणारच. त्याच कौंटीत 1995 मध्ये खाणीचा बोगदा खणताना भूगर्भातल्या भेगेला धक्का लागला आणि आसपासच्या विहिरी आटल्या. शाळेचीसुद्धा.

खडकमापे
तिथे जुन्या नदीच्या गोट्या-वाळूत सोनं होतं. इथे कठीण खडकातली शीर आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

डिचोलीकर
खडक वेगळा असेल. पंपाचा नियम तोच. आमच्याकडे गोव्यात सोनं नाही, लोहखनिज. खंदक भूजलाच्या खाली गेला की पंप बसवायचे, आणि पंप बसले की वाड्यावरच्या विहिरी मार्चपासून खडखडाट. मग खाणवाल्यांचा टँकर. तो कुठल्या घरासमोर आधी थांबणार यावरून अर्धा गाव त्यांच्या मिंध्यात. एकदा हे बघितलं की "विहीर आटली तर आम्ही पाणी पुरवू" या वाक्याचा अर्थ कळतो. गोव्यात त्यांना पर्यावरण मंजुरी नव्हती का? होती.

टिप्पर_सत्तरी
डिचोलीकर बाब, अर्धंच सांगतलंत. 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केले, 16 मार्चला खाणी थांबल्या. त्यानंतर टिप्परचे हप्ते कुणी भरले? घरासमोर गंजत पडलेल्या गाड्या तुम्हाला दिसल्या नाहीत का? खाण नको म्हणणाऱ्यांचा पगार खाणीतून येत नसतो. ग्रास व्हॅलीतही 300 च्या वर नोकऱ्या मिळणार होत्या म्हणे. डोंगरात निवांत राहायला आलेल्या पेन्शनरांना त्याचं काय?

डिचोलीकर
गाड्यांचं दुःख खरं आहे, नाकारत नाही. पण तुम्ही बोलता ती खाण चालू होती, तिच्यावर घरं उभी होती. तिथली बंद पडून जवळपास सत्तर वर्षं झाली. त्या पगारावर आज कोण जगतंय?

नियमावली
धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. कॅलिफोर्नियाच्या 1970 च्या पर्यावरण कायद्यात अहवाल माहिती देतो, परवानगी देत नाही. उलट न टळणारे परिणाम असूनही मंजुरी द्यायची असेल, तर फायदे त्याहून मोठे का आहेत हे मंडळाला लेखी मांडावं लागतं. शिवाय या जागेचा झोनही, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा वर्ग, बदलून हवा होता. झोन बदलून मिळणं हा कुणाचा हक्क नसतो.

आपल्याकडे पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सल्लागार प्रकल्पवालाच नेमतो आणि पैसेही तोच देतो. तिथे पैसे अर्जदाराचे, पण नेमणूक कौंटीची. हा फरक लहान नाही.

बंगळूरवासी_सदा
अवांतर: ग्रास व्हॅलीत खाणकामाला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले लोक आले होते, आणि आपल्या कोलारलाही तेच. कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली. सायनाइडने सोनं काढून उरलेल्या चुऱ्याचे डोंगर अजून उभे आहेत आणि वारा सुटला की धूळ घरात येते. आता त्याच चुऱ्यातून पुन्हा सोनं काढायची योजना आहे. तिथे मी म्हणेन करा, कारण घाण आधीच पडलेली आहे. बंद खाण म्हणजे निरुपद्रवी खाण असं कुणी समजू नये.

खडकमापे
सदा, माझा मुद्दाच हा. ग्रास व्हॅलीतही जुन्या खाणीचा कचरा आहेच. कंपनी आली असती तर ती जागा तिच्या पैशाने साफ झाली असती.

नियमावली, कायद्याचं पटलं, पण अहवालाच्या विरुद्ध जायचं तर मंडळाने तेवढाच भक्कम आधार द्यायला हवा. नाहीतर पुढचा अर्जदार चांगला अहवाल करायला पैसे घालेल कशाला?

कुंदा_फोल्सम
ज्यांच्या वतीने तुम्ही अहवालाची बाजू घेताय त्यांनी काय केलं तेही सांगा ना! मे 2023 मध्ये नियोजन आयोगाने 5-0 ने नकाराची शिफारस केली. त्याच वर्षी कंपनीने नवीन दावा लावला: 1954 मध्ये कौंटीने परवाना सक्तीचा केला त्याच्या आधीपासून आमचा हक्क आहे, म्हणून आम्हाला ही परवानगी लागतच नाही. डिसेंबरात मंडळाने तोही फेटाळला आणि कंपनी कोर्टात गेली. म्हणजे कौल विरोधात जातोय दिसताच ज्या परवानगीसाठी अहवाल झाला तीच नको.

खडकमापे
वकील सगळे दरवाजे ठोठावतात. त्यावरून भूजलाचं गणित खोटं ठरत नाही.

कुंदा_फोल्सम
खोटं म्हटलंच नाही मी. पण चुकलं तर भरपाई कोण आणि किती वर्षं देणार, याची 80 वर्षांची हमी आधी बँकेत ठेवा. मग एकतिसाव्या घराशी बोलू.