लॅपटॉपचा कीबोर्ड साफ आणि निर्जंतुक कसा करायचा?

निळीशाई:
घरात एकच लॅपटॉप, चौघंजण वापरतो. गेल्या आठवड्यात एकापाठोपाठ एक सगळे सर्दीतापाने पडलो, आता जरा बरं वाटतंय म्हणून कीबोर्ड नीट बघितला तर फटींमधे केस, धूळ, कसला कसला चुरा, आणि स्पेसबारवर जिथे अंगठा पडतो तिथे तेलकट चकाकी आलीये. एंटर पण दाबली की अडकते, हळूहळू वर येते. हाताचं सॅनिटायझर थेट मारलं तर चालेल का? का कीज काढून धुवायच्या?

खटपट्या:
सॅनिटायझर नका मारू प्लीज. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन वगैरे असतं, अल्कोहोल उडून जातं आणि ते चिकट मागे राहतं, मग आणखी धूळ धरते. ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. आधी लॅपटॉप शटडाऊन करा (नुसता स्लीप नाही), चार्जर काढा, खिडकी उघडा कारण ते पेट घेतं. मग उलटा धरून हलकेच थोपटा, बराच चुरा तिथेच पडेल. फटींत मऊ ब्रश फिरवा. अल्कोहोल नेहमी कापडावर घ्यायचं, कीबोर्डवर कधीच नाही, आणि कापड पिळलं तर थेंब पडता कामा नये. कडांना इअरबड.

जुनापाना:
कीज उपटू नका हो! लॅपटॉपच्या कीखाली बहुतेक वेळा कात्रीसारखी दुमडणारी प्लॅस्टिकची बारीक क्लिप असते, तिचं टोक नखाच्या कडेएवढं, एकदा तुटलं की ती की परत बसत नाही. मी घाईत एक मोडलीये म्हणून सांगतोय. एंटरसाठी एअर कॅन (दाबाने हवा मारणारा स्प्रेचा डबा) वापरा, लॅपटॉप तिरका धरून थोडी थोडी हवा मारा. कॅन मात्र सरळच धरा, उलटा केला तर आतलं गार लिक्विड बाहेर येतं. काही गोड सांडून चिकटली असेल तर हवेने सुटणार नाही, इअरबड किंचित ओला करून कडेने फिरवा आणि पाचदहा वेळा की दाबा.

चष्मेवाली:
एक राहिलं. ९९ टक्केवालं जास्त स्ट्राँग म्हणून घेऊ नका, जंतू मारायला थोडं पाणी लागतंच, शिवाय ते फार पटकन उडतं. पुसल्यावर लगेच कोरडं करू नका, अर्धा-एक मिनिट पृष्ठभाग ओलसर राहू दे, जंतू मरायला तेवढा वेळ लागतो. आणि आधी मळ, मग अल्कोहोल, कारण तेलकट थर तसाच असेल तर खालपर्यंत पोचतच नाही. ब्लीच नको. स्क्रीनला पण अल्कोहोल नको, काही स्क्रीनचं कोटिंग जातं, तिथे पाण्याने किंचित ओलं मायक्रोफायबर पुरे. टचपॅड विसरू नका, हात सगळ्यात जास्त तिथेच असतो.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, आज दुपारी बसून केलं. पहिले तीन इअरबड अक्षरशः काळे निघाले. एंटरच्या खालून हवा मारली तर गुंडाळलेला लांब केस बाहेर आला, आता एकदम नीट वर येतेय. पूर्ण वाळल्यावरच चालू केला. शिफ्टखाली अजून काहीतरी खुळखुळतंय, उद्या परत उलटा करून बघते.