रिकव्हरी किती बसली?

मागच्या महिन्यात आमच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत झालं. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही तिघं बसलो होतो: मी, मामा आणि काकांचे व्याही. मामांची तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. व्याही गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी. दार उघडून सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पेशंट रिकव्हरीत आहे. रिकव्हरी चांगली आहे."

मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "किती बसली?"

सिस्टर बघतच राहिल्या. व्याही म्हणाले, "शंभर टक्के असणार ओ, मिरज हाय ही."

हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या एका दमात सिस्टरनीसुद्धा हा शब्द दोन अर्थांनी वापरला होता. पहिली रिकव्हरी म्हणजे खोली, ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंटला ठेवतात ती. दुसरी म्हणजे प्रकृती. त्यात मामांची तिसरी आणि व्याह्यांची चौथी.

मामांच्या रिकव्हरीपासून सुरू करतो, कारण सांगली जिल्ह्यात हा शब्द दवाखान्याआधी उसातच कानावर पडतो. शंभर किलो ऊस गाळला आणि बारा किलो साखर पोत्यात आली, तर रिकव्हरी बारा. इथं कुणी काही गमावलेलं नसतं आणि परतही मिळवलेलं नसतं. उसात होतं त्यातलं हाताला किती लागलं, एवढाच हिशेब. बाकीचं बगॅसमधून, म्हणजे चिपाडातून जातं, मळीतून जातं, थोडं प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात. डिक्शनरीत "परत मिळणे, पूर्ववत होणे" हे अर्थ वाचून कुणी कारखान्यात गेला तर त्याला तिथलं बोलणं उमगायचं नाही.

आणि बारा हा आकडा उसात मानाचा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के रिकव्हरी धरून. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे जास्त. म्हणून आपल्याकडं पारावर बसलेला माणूससुद्धा दशांश चिन्हानंतरचा आकडा विचारतो. व्याह्यांच्या सोसायटीत मात्र बारा टक्के रिकव्हरी म्हटलं तर संचालक मंडळ घरी जाईल. तिथं कर्जाचं येणं किती होतं आणि आलं किती, हा प्रश्न. 'शंभर टक्के वसुली' असा फलक सोसायट्या अभिमानानं लावतात, तो याच रिकव्हरीचा.

शब्द तोच आणि टक्केवारीही दोन्हीकडं. फरक कशात, तर शंभर कशाचे धरलेत यात. २०२० मध्ये रोज संध्याकाळी बातम्यांत रिकव्हरी रेट सांगायचे, तेव्हा शंभर होते ते सापडलेले रुग्ण. नव्वदी ओलांडली की सगळ्यांना हायसं वाटायचं. मामा म्हणतात, कारखान्यातही नव्वदची रिकव्हरी असते! मला थट्टा वाटली, पण खरंच आहे. बॉयलिंग हाऊस रिकव्हरी म्हणून वेगळा आकडा काढतात. रसात उतरलेल्या साखरेपैकी पोत्यापर्यंत किती पोचली, तो. तो नव्वदीच्या आसपास असतो. एकाच लॅबच्या एकाच रोजच्या रिपोर्टात एक रिकव्हरी बाराची आणि एक नव्वदची, आणि केमिस्टचा कधी गोंधळ होत नाही.

गोंधळ का होत नाही? मला वाटतं मराठीनं याची सोय क्रियापदात करून ठेवली आहे. उसाची रिकव्हरी *बसते* किंवा *लागते*. कर्जाची *करतात*. पेशंटची *होते*. पोलिसांकडं चोरीच्या मालाची *निघते*. मोबाईलमधले उडालेले फोटो तर आपण सरळ 'रिकव्हर *मारून*' बघतो. नाम इंग्रजी, पण कुठल्या धंद्यातलं ते क्रियापद सांगतं. सिस्टर मामांकडं बघत राहिल्या त्या 'बसली' या शब्दामुळं, रिकव्हरीमुळं नव्हे.

आता कुणी म्हणेल, इंग्रजी शब्द घेतला म्हणून हा घोळ, मराठी वापरा. वापरू की. साखरेच्या रिकव्हरीला छापील मराठीत 'उतारा' म्हणतात आणि शब्द झकास आहे. पण सातबाऱ्याचाही उताराच. विषावरही उतारा. परीक्षेत 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा'. आणि अमावास्येला तिकटीवर लिंबू, भात, गुलाल ठेवलेला दिसतो, लहानपणी आई हात धरून लांबून न्यायची, तोही उताराच. हे सगळे 'उतरणे'मधून आलेले, पण साखर आणि नजर एकाच शब्दानं उतरवणारी भाषा रिकव्हरीला नावं ठेवू शकत नाही.

उलटही घडतं: इंग्रजीत दोन शब्द, आपल्या बोलण्यात एकच. भाची इंजिनिअरिंगला आहे. स्ट्रेस आणि स्ट्रेन यांत तिचे मार्क गेले. बोलताना दोन्हीला आपण ताणच म्हणतो. तिच्या विषयात स्ट्रेस म्हणजे दर एकक क्षेत्रफळावर येणारं बल, आणि स्ट्रेन म्हणजे त्यानं मूळ लांबीच्या मानानं किती बदल झाला ते गुणोत्तर, त्याला एककच नाही. शास्त्राच्या मराठीत यांना प्रतिबल आणि विकृती म्हणतात. "सळईची विकृती काढायची आहे" हे वाक्य आमच्या ताईनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली.

आटपाडीकडं डाळिंबाच्या बागेला ताण देतात, म्हणजे बहार धरण्याआधी पाणी तोडतात. तिथला ताण वाईट नाही, मुद्दाम द्यावा लागतो, आणि नीट बसला नाही तर फूल नीट येत नाही. बघा, इथंही *बसतो*च.

तर सातारा, कराड, फलटणकडच्या मंडळींना विचारायचं आहे. आमच्याकडं रिकव्हरी बसते आणि लागते, पण ज्वारीचा एकरी उतारा पडतो. तुमच्याकडं उसाची रिकव्हरी 'पडली' असं म्हणतात का? आणि म्हणत असतील तर त्याचा अर्थ मिळाली असा घ्यायचा, का घसरली असा? मामांच्या मते घसरली. व्याह्यांच्या मते मिळाली. काका घरी आलेत, चालायलाही लागलेत, पण या दोघांचं अजून मिटलेलं नाही.