मदत हवी आहे: लाचेची सापळा केस, दोषमुक्तीचा (खटल्याआधीच आरोपातून सुटण्याचा) अर्ज आत्ता की खटल्यात लढायचं? (सोलापूर)

वकील मंडळींचं मत हवंय. सोलापूरच्या विशेष न्यायालयात एका लिपिकावर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 7 खाली दोषारोपपत्र आलंय. शिक्षा 3 ते 7 वर्षं आणि दंड, त्यामुळे घाई नको.

लाचेच्या मागणीच्या पडताळणीच्या रेकॉर्डिंगमध्ये रकमेचा आकडा कुठंच नाही, फक्त "तेवढं बघा की" एवढंच. नोटा टेबलाच्या खणात सापडल्या. हाताच्या धुण्याला गुलाबी रंग आला नाही, खणाच्या पुसणीला मात्र आला. म्हणजे फिनॉल्फ्थॅलिन (सापळ्याच्या नोटांना लावलेली पावडर, धुण्याच्या द्रावणात गुलाबी होते) खणापर्यंत पोचलं. तिथं कुणी नेलं हे पंचनाम्यात लिहिलेलंच नाही. माझ्या मते केसचा जीव इथंच आहे. सुप्रीम कोर्टाच्या नीरज दत्ता निकालानुसार (2022) मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, कलम 20 चं गृहीतक (पैसे लाच म्हणूनच घेतले असं धरून चालणं) त्यानंतरच.

अडचण अशी:

दोषमुक्तीच्या अर्जाला कागदपत्रं मिळाल्यापासून 60 दिवस आहेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस, कलम 262). पण त्या टप्प्यावर कोर्ट पुरावा तोलत नाही. अर्ज फेटाळला तर आपला बचाव मात्र आधीच उघडा पडतो, मग सरकारी पक्ष पंचाला नीट तयार करून आणणार. थांबलेलं बरं का?

रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र आहे, पण तज्ज्ञानं भरायचा भाग ब कोरा आणि हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) नाही. हरकत पुरावा दाखल होतानाच घ्यायची ना? नंतर घेतली तर ऐकत नाहीत.

खटला भरायच्या मंजुरीच्या आदेशात रेकॉर्डिंगच्या लिप्यंतराचा उल्लेखच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 19(3) मुळे (मंजुरीतल्या चुकीनं अन्याय झाला नसेल तर निकाल उलटत नाही) एवढ्यावर केस पडणं अवघड. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत हे कुणी यशस्वीपणे वापरलंय का?