गोठणारं पाणी पुण्यात कुठलं?

वर एकांनी लिहिलंय की पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, भेगेत बर्फ होऊन खडक फोडतं आणि आपल्या टेकड्याही अशाच झिजल्या. पहिला भाग बरोबर, हिमालयात हेच चालतं. पण पुण्यात कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या खाली जात नाही. मग भेगेत बर्फ कुठून यायचा?

इथे पाण्याचा दुसरा गुण कामाला येतो: विरघळवण्याचा. त्याच्या रेणूची एक बाजू किंचित धनभारित, दुसरी ऋणभारित, त्यामुळे ते खनिजांतले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ओढून नेतं. शिवाय पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होऊनच पडतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे कधी गाडी थांबवून बघा. काळ्या गोट्याभोवती कांद्यासारखे तपकिरी पापुद्रे दिसतील, नखाने खरवडले तरी भुगा पडतो. आतला गोटा मात्र ठणठणीत! मुळात तो चौकोनी ठोकळा असतो. कोपऱ्यांवर पाणी दोन-तीन बाजूंनी चढाई करतं, म्हणून ते आधी जातात.

आणि पाणी नेतं तसं आणून ठेवतंही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हान्साइट नावाचं निळंशार खनिज मिळतं, जगभरचे संग्राहक त्यावर जीव टाकतात. आपला खडक म्हणजे थिजलेला लाव्हा; त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या उरल्या, पुढे खडकातून फिरलेल्या गरम पाण्याने त्यांत स्फटिक वाढवले. आमच्या गीझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, तोही त्याच जातीचा उद्योग. त्याला मात्र कुणी संग्राहक विचारत नाही.