बोर, बोअर आणि बोरं

आपल्याकडं बोरं आधीपासूनच होती. मग बोअरची गाडी आली, आणि पोरं कॉलेजात गेल्यावर ‘लई बोर झालं’ही आलं. या इवल्याशा शब्दानं तुमच्या घरी, रानात, वर्गात काय घोळ घातला? लिहा.

औसा
२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या आबांनी रानात बोअर घेतला होता. तळहातावर नारळ उभा राहिला ती जागा पाणाड्यानं दाखवलेली. तामिळनाडूची गाडी रात्रभर धडधडली. वर मुरूम, खाली काळा पाषाण. कायदा साठ मीटरच्या पुढं गेलं की खोल विहीर म्हणतो. आमच्याकडं दोनशे फुटांना कुणी खोल म्हणतच नाही! सकाळी आबा तोंडावरचा फुफाटा पुसत ओसरीवर टेकले, तर पुण्याहून आलेली नात म्हणाली, “आजोबा, मला इथं बोर होतंय.”
आबा म्हणाले, “तुला तरी व्हायलंय बाई. आम्ही साडेपाचशे फूट गेलो, कोरडाच.”

जालना, गॅरेजवाला
आमचा बोअर सिलिंडरचा. गाडी धूर मारू लागली, ऑइल खाऊ लागली, की समजायचं ‘बोअरला आली’. सिलिंडर घासून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. पाणी लागत नाही, खर्च मात्र लागतो.

जिंतूर, इतिहासाचे शिक्षक
गांधीजींचा आफ्रिकेतला काळ शिकवताना फळ्यावर लिहिलं : बोअर युद्ध, १८९९–१९०२. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पाण्यावरून झालं का?” म्हटलं, नाही रे, बोअर म्हणजे डच भाषेत शेतकरी. मग तर वर्गाची खात्रीच पटली. (आमच्या शेजारचं गाव बोरी. त्याचंही नाव निघालंच.)

परभणी
संक्रांतीला लेकाचं बोरन्हाण केलं. व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतला भाचा विचारतो, “मामी, इतकं बोर असतं तर अंघोळ घालता कशाला?”

नांदेड, इंग्रजीच्या बाई
‘बेअर’चा भूतकाळ ‘बोअर’, हे घोकून घेतलं होतं. रानडुकराचा ‘बोअर’ही कानाला तसाच लागतो, म्हणून स्पेलिंगं वेगळी लिहून दिली. तरी पेपरात ‘शी बोअर अ सन’चं भाषांतर आलं : तिने मुलाला बोर केले. काळ बरोबर होता, अर्धा मार्क दिला.