डॉकिंगचा स्कोअर उत्तम, पण रेणू भलत्याच जागी बसलाय

खलबत्ता:
नमस्कार. मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी म्यू-ओपिऑइड रिसेप्टरची, म्हणजे मॉर्फिन ज्याला चिकटतं त्या प्रोटीनची, ४डीकेएल ही त्रिमितीय रचना उतरवून घेतली आणि वनस्पतींतली ४० संयुगं ऑटोडॉक व्हिनात टाकली (रेणू प्रोटीनवर कुठे, किती घट्ट बसेल याचा अंदाज काढणारं, म्हणजे डॉकिंगचं, सॉफ्टवेअर). कुठे बसायचं तिथे बसू दे, म्हणून ग्रिड बॉक्स, म्हणजे शोधायची जागा, अख्ख्या प्रोटीनभोवती ठेवला. हॉस्टेलवर लॅपटॉप दोन रात्री चालू होता. रुटिन पहिलं आलं, स्कोअर उणे १०.१ (जितका जास्त उणे, तितका चांगला). मॉर्फिन उणे ७.८. 'रुटिन मॉर्फिनपेक्षा सरस' असं लिहून पेपर पाठवून टाक, असं मला सांगण्यात आलंय. पण चित्र फिरवून पाहिलं तर रुटिन मॉर्फिनपासून पार लांब, खालच्या एका गोळ्याला चिकटलंय. माझी आजी शेवटचे चार महिने मॉर्फिनवर होती, म्हणून हा विषय मी हट्टाने घेतला. चुकीचं काही छापायचं नाहीये. कुठे चुकलं?

रानवाटा:
चित्र फिरवून पाहिलंत, तिथेच अर्धं काम झालं. तो खालचा गोळा म्हणजे टी४ लायसोझाइम. रिसेप्टरचे स्फटिक सहजी होत नाहीत, म्हणून २०१२ मध्ये ही रचना काढताना पेशीच्या आतल्या बाजूचा एक लूप काढून तिथे ते जोडलं होतं. माणसाच्या शरीरात ते नसतं. तुमचं रुटिन वेदनेच्या रिसेप्टरला नाही, त्या जोडकामाला चिकटलंय.

लायसोझाइम काढा, बॉक्स फक्त पॉकेटभोवती, म्हणजे मॉर्फिन बसतं त्या खोबणीभोवती घ्या. मग आस्पार्टेट १४७ हे रिसेप्टरमधलं अमिनो आम्ल शोधा. मॉर्फिनचा धनभारित नायट्रोजन त्यालाच धरतो. रुटिनमध्ये नायट्रोजनच नाही! शिवाय त्याचं रेणुवजन ६१०, मॉर्फिनचं २८५. मोठ्या रेणूला व्हिनात नुसत्या आकारामुळेही चांगला स्कोअर मिळतो, आणि व्हिना विद्युतभार मोजत नाही. त्यामुळे ही जोडी जुळतेय का, ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

याच रचनेवर २०१६ मध्ये ३० लाखांहून जास्त रेणू डॉक केले गेले. वरचे २,५०० माणसांनी एकेक करून पाहिले, २३ प्रयोगशाळेत तपासले, ७ चिकटले, तेही मायक्रोमोलर, म्हणजे कमकुवत ताकदीने. त्यांतल्या एकावर मेहनत घेऊन पीझेडएम२१ हा वेदनाशामक रेणू तयार झाला. मॉर्फिनसारखा श्वास मंदावत नाही म्हणून त्याचं फार कौतुक झालं, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या गटाला उंदरांचा श्वास मंदावलेला दिसला. एवढ्या तयारीच्या लोकांची ही गत, तर ४० संयुगांच्या यादीवरून 'सरस' हा शब्द लिहू नका, ही कळकळीची विनंती.

निळीशाई:
एक भर. ४डीकेएलमधला मूळ लिगँड (रिसेप्टरमध्ये बसलेला रेणू) लायसिन २३३ या अमिनो आम्लाशी सहसंयुज, म्हणजे पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेला आहे, त्यामुळे तोच परत डॉक करून पद्धत तपासता येणार नाही. तो नाल्ट्रेक्सोनपासून बनवलाय, म्हणून नाल्ट्रेक्सोन टाकून पाहा. गाभा तसाच बसला तर पुढे जा.

खलबत्ता:
केलं! नाल्ट्रेक्सोनचा गाभा जवळजवळ मूळ लिगँडवरच बसला, नायट्रोजन १४७ च्या समोर. रुटिन पंचविसाव्या नंबरवर गेलं. यादीत नायट्रोजनवाली सहाच अल्कलॉइडं आहेत, आता तीच एकेक उघडून बघतेय. सरांना सोमवारी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवणार आहे.